मनगटावरील नाडीपरीक्षा



चालकांनी आजचा विषय सुचविला तेव्हा आम्ही थोडे बिचकलो होतो. चैत्र सरत आला आहे, दिवसभराच्या उकाड्यानंतर आत्ता कोठे वारा सुटला आहे, आणि अशा सायंकाळी आपणांपुढे रक्तदाबावर बोलावयाचे म्हणजे श्रोत्यांचा रक्तदाब विनाकारण वाढविण्यासारखेच आहे. परंतु येथे येऊन बसल्यावर समोर नजर टाकली, तो पुढच्या चार-पाच रांगांतच पुष्कळ मनगटांवर ती मधूनमधून उजळणारी काळी घड्याळे दिसली. तेव्हा चालकांनी विषय योग्यच निवडला अशी आमची खात्री झाली.

पूर्वी घड्याळ वेळ सांगत असे. आता ते पावले मोजते, झोप मोजते, हृदयाचे ठोके मोजते आणि रक्तदाबही सांगू म्हणते. या शेवटच्या दाव्यात कितपत तथ्य आहे, त्याच्यामागे कोणते शास्त्र आहे, आणि तुम्हांआम्हांसारख्या गृहस्थांनी त्यावर किती भार ठेवावा, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

आपल्याकडे माणूस म्हणतो, "मला बीपी आहे." जणू काही बीपी म्हणजे खोकला किंवा खरूज. रक्तदाब हा सर्वांनाच असतो. ज्याला तो मुळीच नाही अशा गृहस्थाला चौघांनी उचलून न्यावे लागते. रोग आहे तो वाढलेला रक्तदाब. आणि त्याची मोठी अडचण अशी की तो दुखत नाही. दाढ दुखते म्हणून माणूस दाताच्या डॉक्टराकडे धावतो. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहतो, मेंदूच्या, हृदयाच्या आणि मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या हळूहळू पोखरतो, आणि मनुष्य मात्र "आमची तब्येत खणखणीत आहे" असे सांगत फिरत असतो. म्हणून या रोगात आकड्याला महत्त्व आहे. येथे आकडा हीच रोग्याची तक्रार असते, आणि तो चुकीचा असेल तर तक्रारच दाबली जाते.

हे आम्ही पुस्तकातले सांगत नाही. एक हकीकत सांगतो. ती ज्यांची आहे त्यांची परवानगी घेऊनच सांगत आहोत. नाव मात्र सांगत नाही. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो. आमच्या गावातल्या अर्ध्याअधिक मंडळींना त्यांनी गणित शिकविले. आठ वर्षे ते आमच्याकडे रक्तदाबाची औषधे घेत होते. त्यांच्या मुलाने त्यांना बाजारातून एक मनगटी घड्याळ आणून दिले. बटण दाबले की रक्तदाबाचा आकडा दाखविणारे. गुरुजींनी शंभर पानी वही आखली आणि रोज सकाळी आकडा टिपू लागले. तीन महिन्यांनी ती वही घेऊन ते दवाखान्यात आले. एकही आकडा ११६च्या खाली नाही की १२६च्या वर नाही. दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. "घड्याळात छान येतं हो, डॉक्टर," असे ते म्हणाले. आम्ही वही चाळली, "वा, गुरुजी!" म्हणालो आणि पुढच्या रोग्यास आत बोलाविले. त्यांच्या दंडाला पट्टा आम्ही त्या दिवशी बांधला नाही.

गुरुजींनी गोळ्या केव्हाच निम्म्या केल्या होत्या, आणि त्या दिवसानंतर बंद केल्या. पाच आठवड्यांनी एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातला चहाचा कप गळून पडला आणि जीभ जड झाली. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब २१०/१२० होता. त्या पहाटेही घड्याळाने १२१ दाखविले होते. वहीत तशी नोंद आहे.

पुढे आम्ही ते घड्याळ मागून घेतले आणि घरी स्वयंपाकघरातल्या एका दुधीभोपळ्याला बांधले. त्याने थोडा विचार केला आणि ११९/७७ असा आकडा दाखविला. आपण हसलात. आम्हीही प्रथम हसलो. नंतर आमच्या ध्यानात आले की आम्ही ज्या वहीला "वा!" म्हटले होते, ती या भोपळ्याच्या तोडीची होती. जिवंत माणसाचा रक्तदाब नव्वद दिवस दहा अंकांच्या आत कधी राहत नाही, हे गणिताच्या शिक्षकाने नाही तरी आम्ही ओळखावयास हवे होते. तेव्हा आजचे व्याख्यान हे घड्याळावरचे आरोपपत्र समजू नये. त्यात आमचाही वाटा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रक्तदाबाचा आकडा मनुष्याला मिळाला कसा?

इंग्लंडात स्टीफन हेल्स नावाचा एक धर्मोपदेशक होता. त्याने एका घोडीच्या मांडीतील धमनीत पितळेची नळी घातली, तिला नऊ फूट लांबीची काचेची नळी जोडली आणि रक्त किती वर चढते ते पाहिले. ते हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंच वर चढले. हा वृत्तांत त्याने १७३३ साली छापला. मोजणे म्हणजे काय ते या प्रयोगात स्वच्छ दिसते: दाब आहे, त्याने काही तरी उचलले, आणि ते किती उचलले हे डोळ्यांनी पाहिले. परंतु रोग्याच्या मांडीत नळी खुपसून नऊ फूट काच उभी करणे कोणत्याही दवाखान्यात चालण्यासारखे नव्हते. १८२८ साली प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाण्याच्या साडेतेरापट जड असा पारा वापरून ती उंची आटोक्यात आणली. १८९६ साली इटलीतील तुरीन येथे रीव्हा-रोच्ची याने दंडाभोवती फुगणारा रबरी पट्टा बांधून, कातडी न कापता दाब मोजण्याची युक्ती काढली. आणि १९०५ साली कोरोत्कोव्ह या तरुण रशियन शल्यवैद्याने पट्ट्याखाली धमनीवर नळी लावून ऐकले. पट्टा सैल होत जाताना ठोका ऐकू येऊ लागतो तो वरचा आकडा, आणि ठोका नाहीसा होतो तो खालचा. हेल्सच्या ग्रंथापासून कोरोत्कोव्हपर्यंत एकशे बहात्तर वर्षे गेली. आज पारा विषारी म्हणून मिनामाता कराराने त्याची उपकरणे मागे पडत चालली आहेत, पण आकडा अजून पाऱ्याच्या मिलिमीटरांतच सांगितला जातो.

आकडा मिळाला म्हणजे रोग आटोक्यात आला असे मात्र नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा वरचा रक्तदाब १९४४ साली १८०च्या पुढे गेलेला त्यांच्या डॉक्टरांनी नोंदविला होता. विश्रांती आणि कमी मीठ यांपलीकडे त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने रूझवेल्ट गेले. त्या दिवशी आकडा ३००च्या वर होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला आकडा कळूनही औषध मिळाले नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, आपल्या मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि साऱ्या जगाचे लक्ष त्या वनस्पतीकडे गेले. १९५७ साली त्यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. आज सर्पगंधेपेक्षा चांगली औषधे पुष्कळ आहेत, आणि ती स्वस्तही आहेत. म्हणजे रूझवेल्टना जे मिळाले नाही, ते आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात मिळते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे १४० कोटी प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आहे, आणि त्यांपैकी ज्यांचा तो ताब्यात आहे असे पाचांत एकाहून थोडेच अधिक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत आपल्या देशातील प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. यातील पुष्कळांना आपल्याला हा रोग आहे याचा पत्ताच नसतो.

आता कोणी विचारील की, दंडाचा पट्टा असताना मनगटावरच्या यंत्राचा खटाटोप कशासाठी? याला सबळ कारण आहे. हृदय दिवसातून सुमारे एक लाख वेळा ठोका देते, आणि दर ठोक्यास दाब थोडा वेगळा असतो. जिना चढलो की तो वाढतो, मुलावर रागावलो की वाढतो, झोपेत दहा ते वीस टक्के उतरतो. काहींचा झोपेतही उतरत नाही, आणि अशांना धोका अधिक असतो. आम्ही डॉक्टर सहा महिन्यांनी एकदा पट्टा बांधतो आणि त्या एका क्षणावरून उरलेल्या लाखो ठोक्यांचा निवाडा करतो. त्यातही काही माणसांचा दाब डॉक्टराला पाहूनच चढतो. त्याला पांढऱ्या कोटाचा रक्तदाब म्हणतात. याच्या उलट, दवाखान्यात गरीब गाईसारखा असलेला दाब घरी आणि कचेरीत उसळलेला असतो. त्याला झाकलेला रक्तदाब म्हणतात, आणि तो अधिक वाईट. दवाखान्याबाहेरचे आकडे रोग्याच्या शरीराची हानी जास्त चांगली दाखवितात, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या सोकोलो यांनी १९६६ सालीच दाखविले होते. चोवीस तास दंडावर पट्टा बांधून ठेवण्याची यंत्रे आहेत. पण दर अर्ध्या तासाने ती घूं घूं करीत फुगतात आणि रोग्याची झोप मोडतात. तेव्हा न फुगता, न बोलता, रात्रंदिवस दाब पाहणारे काही तरी हवे, ही गरज खरी आहे.

ती गरज हे घड्याळ कशी भागवू पाहते? आपण घरी जाऊन अंधारात घड्याळ उलटे करून पाहा. त्याच्या पोटातून हिरवा उजेड चमकताना दिसेल. तो कातडीत शिरतो. ठोक्याबरोबर सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त भरले की उजेड जास्त शोषला जातो आणि परत येणारा उजेड कमी होतो. रक्त ओसरले की वाढतो. या चढउतारांचा आलेख म्हणजे नाडीचा आलेख. प्रकाशाने नाडी टिपण्याची ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील हर्ट्झमन यांनी तिचा अभ्यास १९३०च्या दशकातच केला होता. आपल्या वैद्यकातही नाडीला केवढे स्थान आहे! चरक-सुश्रुतांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे स्वतंत्र प्रकरण नाही, पण शार्ङ्गधरसंहितेत ते येते. तेव्हापासून वैद्याने मनगटावर तीन बोटे ठेवावी आणि रोग्याने श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे पाहावे हा प्रघात चालू आहे. हिरव्या उजेडाचे घड्याळ हे त्याच परंपरेतले, फक्त त्याची बोटे प्रकाशाची आहेत.

परंतु नाडीचा आलेख म्हणजे दाब नव्हे. आलेखावरून ठोका केव्हा आला, तो कसा चढला, कसा उतरला, हे कळते. मग दाब काढावयाचा कसा? येथे जुने भौतिकशास्त्र मदतीस येते. हृदयाने ठोका दिला की एक लाट धमन्यांतून धावत जाते. तिचा वेग सेकंदाला साधारण पाच ते पंधरा मीटर. नळी जितकी ताठर तितकी लाट वेगवान, हे मोएन्स आणि कोर्टवेग या डच विद्वानांनी १८७८ सालीच गणिताने मांडले. दाब वाढला की धमनी ताणली जाऊन ताठर होते, लाट लवकर पोचते. म्हणून लाटेचा वेळ आणि आकार पाहून दाबाचा तर्क करता येतो. मात्र धमनी ताठर होण्याला दाब हे एकच कारण नाही. वयानेही ती ताठरते, थंडीनेही आवळते. शिवाय मनगट हृदयाच्या पातळीपासून दहा सेंटीमीटर खाली-वर झाले, तर तेथला दाब सुमारे आठ मिलिमीटरांनी बदलतो. इतक्या गोष्टी एकात एक गुंतलेल्या असताना साधे सूत्र पुरत नाही. येथेच कृत्रिम बुद्धिमत्ता पुढे येते.

हा शब्द मोठा आहे, पण भिण्याचे कारण नाही. कोकणात आंब्याच्या बागेचा सौदा झाडावर फळ असतानाच होतो, हे आपणांस ठाऊक आहे. जाणता व्यापारी झाडाखाली उभा राहतो, वर पाहतो आणि इतके शेकडा निघतील म्हणून सांगतो. तो फळे मोजत नाही. त्याने आयुष्यात हजारो झाडे पाहिली, तोडणीनंतर मोजलेली फळे पाहिली, आणि दोहोंची सांगड त्याच्या मनात बसली. यंत्रासही असेच शिकवितात. हजारो माणसांच्या नाडीचे आलेख त्याला दाखवावयाचे आणि प्रत्येकाबरोबर पट्ट्याने मोजलेला खरा आकडा सांगावयाचा. यंत्र चुकते, दुरुस्त होते, पुन्हा चुकते, आणि अखेर नवा आलेख पाहून आकडा वर्तवू लागते. हा अंदाज आहे. तो चांगला असू शकतो. पण तराजू तो नव्हे.

आणि अंदाजात फसगत कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. देवगडच्या झाडांवर शिकलेला व्यापारी मराठवाड्यातल्या केसरच्या बागेत नेला तर चुकणारच. यंत्र ज्या लोकांवर शिकले ते लोक कोण, हा म्हणूनच पहिला प्रश्न आहे. पुष्कळ प्रयोगांत अमेरिकेतील एका अतिदक्षता विभागाच्या नोंदी वापरल्या गेल्या, कारण तेथे रोग्यांच्या धमनीत नळी असते आणि खरा दाब ठोक्यागणिक मिळतो. परंतु अतिदक्षता विभागातला रोगी आणि बाजारात भाजी घेणारी गृहिणी यांच्या धमन्या सारख्या कशा मानाव्या? दुसरे असे की, काही प्रयोगांत ज्या रोग्यांवर यंत्र शिकविले त्यांच्याच दुसऱ्या नोंदींवर त्याची परीक्षा घेतली. ही प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली परीक्षा झाली. तीत पैकीच्या पैकी गुण मिळाले तर नवल कसले? तिसरी फसगत सर्वांत सूक्ष्म आहे. यंत्राला आपले वय, वजन आणि परवाचा पट्ट्याने मोजलेला आकडा सांगितलेला असतो. बहुतेकांचा दाब परवा होता त्याच्या आसपासच आज असतो. तेव्हा यंत्राने नाडीकडे ढुंकूनही न पाहता परवाचाच आकडा थोडा इकडेतिकडे करून सांगितला, तरी सरासरीत ते बरोबर ठरते! चुकते ते नेमके ज्या दिवशी दाब चढतो त्या दिवशी. आणि यंत्र घेतलेले असते त्याच दिवसासाठी.

आपल्यासाठी आणखी एक प्रश्न आहे. उजेड कातडीतून जातो, आणि आपली कातडी सावळी आहे. कोविडच्या साथीत बोटाला लावावयाचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र घरोघरी आले होते. तेही उजेडावरच चालते. २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात असे दिसले की, रक्तातील प्राणवायू उतरलेला असूनही यंत्राने "ठीक" म्हणण्याची चूक गोऱ्या रोग्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिप्पट झाली. गोऱ्या मनगटांवर शिकलेल्या यंत्राची आपल्या मनगटावर वेगळी परीक्षा झाल्याशिवाय ते आपलेसे करू नये.

आज बाजारात जे मिळते ते चार प्रकारचे आहे. पहिला प्रकार गुरुजींच्या घड्याळाचा. कोणतीही मान्य परीक्षा न देता आकडा दाखविणारा. त्याबद्दल भोपळ्याने सांगितले तेवढे पुरे. दुसरा प्रकार, ज्यांचा पट्टाच खरोखर फुगतो अशी मनगटी यंत्रे. जपानच्या ओम्रॉन कंपनीच्या अशा घड्याळाला अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळाली. हे मापन आहे, मात्र मनगट हृदयाच्या पातळीवर धरावे लागते. तिसरा प्रकार, पट्ट्याशी जुळवून घेऊन अंदाज करणारी यंत्रे. दक्षिण कोरियाने २०२० साली मान्य केलेले सॅमसंगचे घड्याळ दर २८ दिवसांनी दंडाच्या पट्ट्याशी जुळवावे लागते. म्हणजे पट्ट्यापासून त्याची सुटका नाहीच. चौथा प्रकार, आकडा न सांगता केवळ इशारा देणारा. ॲपलच्या घड्याळातील अशा सोयीला अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये परवानगी दिली. ते तीस दिवस नाडी पाहते आणि रक्तदाब वाढलेला असावा असे वाटल्यास तसे कळविते.

या शेवटच्या यंत्राचे आकडे कंपनीनेच प्रसिद्ध केले आहेत. ज्यांचा दाब वाढलेला आहे अशा शंभरांतल्या सुमारे ४१ जणांना ते इशारा देते, आणि ज्यांचा नाही अशा शंभरांतल्या सुमारे ९२ जणांच्या बाबतीत ते योग्य रीतीने गप्प राहते. सोयीसाठी एक हजार माणसांचे गाव घेऊ आणि त्यांतील तीनशे जणांचा दाब वाढलेला आहे असे धरू. या तीनशेंतल्या १२३ जणांना इशारा मिळेल, १७७ जणांना मिळणार नाही. उरलेल्या सातशेंपैकी ५६ जण विनाकारण घाबरतील. म्हणजे इशारा मिळालेल्या १७९ जणांत दर तिघांतल्या सुमारे दोघांना खरोखर रोग आहे. ही मोठी कामगिरी आहे. आपल्याला रोग आहे हे ठाऊक नसलेली १२३ माणसे डॉक्टराकडे जातील, आणि कदाचित त्यांतील काहींचा झटका टळेल. पण ज्या ८२१ जणांचे घड्याळ गप्प राहिले, त्यांतही १७७ रोगी आहेत. पाचांत एकाहून जास्त! म्हणून घड्याळाचा इशारा ऐकावा, परंतु त्याच्या मौनाला प्रकृतीचा दाखला समजू नये. आणि ज्यांच्या रोगाचे निदान आधीच झाले आहे त्यांच्यासाठी, तसेच गर्भवती स्त्रियांसाठी ही सोय मुळीच नाही, असे कंपनीनेच लिहून ठेवले आहे. असा कागद वाचतो कोण? गुरुजींच्या घड्याळाबरोबर आलेला कागद तर नखाएवढ्या अक्षरांत आणि परक्या भाषेत होता.

युरोपातील रक्तदाबतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली आणि अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की, पट्ट्यावाचून चालणाऱ्या यंत्रांवरून रोगाचे निदान करू नये आणि औषध कमीजास्त करू नये. हा निर्णय कायमचा आहे असे आम्ही मानीत नाही. रीव्हा-रोच्चीचा पट्टाही प्रथम अरुंद होता आणि दाब जास्त दाखवीत असे. पुढे तो रुंद केला गेला. उद्या या यंत्रांच्या परीक्षा नीट होतील, आपल्या लोकांवर होतील, दाब चढला-उतरला हे ओळखण्याच्या होतील, आणि त्यांत जी उतरतील त्यांचे आम्ही स्वागत करू. झोपेतला दाब, औषध विसरल्याचा दिवस, गर्भारपणातली चढण, हे सारे तेव्हा बिनबोभाट कळू शकेल.

पण कळल्यावर पुढे काय, हा प्रश्न राहीलच. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. त्यांत महाराष्ट्र होता, आणि आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा या जिल्ह्यांपासून आरंभ झाला. त्यात काही चमत्कार नव्हता. दंडावर बांधावयाचे साधे विश्वासू यंत्र, ठरावीक दोन-तीन औषधे, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, घराजवळच्या उपकेंद्रात तपासणी, आणि रोगी आला नाही तर त्याची चौकशी करणारी परिचारिका. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांनी या उपक्रमाला पुरस्कार दिला. दाब उतरविला तो गोळीने, आणि गोळी चालू ठेवली ती दारात येऊन "काका, या महिन्यात आला नाहीत," असे विचारणाऱ्या बाईने. मनगटावरचा आकडा अशा कोणाच्या तरी हाती पोचला तरच त्याचे सार्थक आहे. तो नुसता वहीत साठला तर काय होते ते आम्ही पाहिले आहे.

जाता जाता व्यवहाराच्या चार गोष्टी. घरी यंत्र घ्यावयाचे तर दंडाला बांधावयाचे, मान्य परीक्षा उतरलेले घ्यावे, आणि पट्टा आपल्या दंडाच्या मापाचा असावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, आणि मोजताना बोलू नये. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, एका मिनिटाच्या अंतराने, सात दिवस मोजावे. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली तर डॉक्टराकडे जावे. लोणचे-पापडांवर हात आखडता घ्यावा. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घड्याळ असेल तर खुशाल वापरावे. त्याने इशारा दिला तर पट्टा बांधून खात्री करावी. आणि कोणताही आकडा पाहून, तो कितीही छान असो, गोळी आपल्या मनाने सोडू नये.

एक सूचना आमच्या धंदेबंधूंनाही आहे. रोगी वही घेऊन आला, तर तिचे कौतुक करण्यापूर्वी त्याच्या दंडाला पट्टा बांधावा. त्याला दोन मिनिटे लागतात. आम्ही ती दोन मिनिटे एकदा वाचविली होती.

गुरुजी आता बरे आहेत. बोलणे बरेचसे परत आले आहे. उजवा हात मात्र अजून पुरता धरत नाही. गेल्या महिन्यात ते पुन्हा वही घेऊन दवाखान्यात आले. तीच शंभर पानी वही. आधीच्या पानांवर छापल्यासारखे उजव्या हाताचे आकडे, आणि मधल्या रिकाम्या पानानंतर डाव्या हाताने काढलेले, वाकडेतिकडे. हे दंडाच्या पट्ट्याचे आकडे: १२८, १४३, १३१, १५१, १३४. आम्ही पट्टा बांधला, मोजले, गोळी थोडी वाढविली आणि म्हणालो, "गुरुजी, हे आकडे जरा वरखाली आहेत." ते सावकाश, एकेक शब्द जुळवीत म्हणाले, "असू द्या. हे माझे आहेत."